पाच ढेपांचा नवस

देवाला कमी देऊ नये, हे सगळ्यांनाच पटतं. पण जास्त द्यायच्या हौसेपायी माणूस कसा अडकतो, हे बघायचं असेल तर काष्टीच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला साळूबाईची वस्ती आहे, तिथं जावं.

साळूबाईनं भैरवनाथाला नवस बोलला, त्याला आता आठ वर्षं होत आली. तिची सून मोनिका तेव्हा एकशे सव्वीस किलोची होती आणि वय जेमतेम अठ्ठावीस. गुडघे बोलायला लागलेले, साखर वाढलेली, झोपेत श्वास अडकून दचकून उठायची. पुण्याच्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं, तर घरात कुणीच तयार होईना. सासरा कारभारी म्हणाला, "चांगलं पोट कापायचं, हे कुठलं शहाणपन?" नवरा ज्ञानेश्वर आधी बापाकडं बघायचा, मग आईकडं, आणि शेवटी स्वतःच्या चपलेकडं. एकटी साळूबाई तेवढी पदर खोचून उभी राहिली. "पोरगी श्वास घेती का न्हाई म्हनून मी तिच्या नाकापुढं हात धरून बसते. तुमाला काय, तुमी घोरता. कापू द्या पोट. जगली तर पोट कामाचं."

मोनिकाला आत नेलं, तेव्हा साळूबाईनं दवाखान्याच्या जिन्यातच गावाकडं तोंड करून हात जोडले. "नाथा, सून जित्ती घरी येऊ दे. तिच्या अंगातलं जेवढं उतरंल, तेवढा गूळ तुझ्या दारात वाटीन."

सून जित्ती आली, आणि अंगही उतरायला लागलं. पहिल्या चैत्रात जत्रा आली तेव्हा तीस किलो कमी झाले होते. ज्ञानेश्वर म्हणाला, "आई, नवस फेडून टाकू." साळूबाई म्हणाली, "अजून उतरतंय की. उतरू दे सगळं, मंग फेडू. देवाला अर्धामुर्धा गूळ कशाला?" दुसऱ्या चैत्रात मोनिका चौऱ्याहत्तर किलोवर आली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. ब्लाऊज सगळे नवे शिवले. साळूबाईला मात्र अजून दोन-चार किलोंची आशा होती, म्हणून तेही साल गेलं. मग लॉकडाऊन लागला आणि देवळालाच कुलूप पडलं. पाठोपाठ कारभारी गेला, तेव्हा वर्षभर काही करायचं नव्हतं. त्यानंतर भावकीत सुतक, मग साळूबाईचा पाय मोडला. घेणेकरी असता तर दारात येऊन बसला असता. भैरवनाथ बिचारा थांबला.

आणि तेवढ्यात मोनिकाचं वजन परत वाढलं.

हे साळूबाईला दिसलं नाही, असं सांगितलं तर खोटं वाटेल. पण रोज डोळ्यांपुढं असणारं माणूस वाढताना दिसत नाही, हेही तितकंच खरं. शेजारणी दबक्या आवाजात बोलायच्या. साळूबाई त्यांना म्हणायची, "ते ऑपरेशनचं वारं हाय. पोटात धरतंय. मधी लई सुकली हुती, आता जरा जीव धरलाय." बाजारात भेटेल त्या बाईला धरून ती सुनेचं ऑपरेशन सांगायची. बोट दाखवून म्हणायची, "एवढी हुती. आन् आता बघा." बायका बघायच्या आणि भाजीकडं वळायच्या. साळूबाई ही अशी सासू. असल्या सासवा फार नसतात, आणि ज्या असतात त्यांच्यापासून सुटका नसते.

खरी गोम वेगळीच होती. ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या नर्सबाईनं साळूबाईला खाण्यापिण्याचं सांगितलं होतं. थोडं थोडं द्या, पातळ द्या, दर दोन तासांनी द्या, भाकरी-चपाती आत्ता नको. साळूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती मरेपर्यंत विसरायची नाही. देवाच्या दारात रोज दिवा लावावा, तसं घरी आल्यापासून तिनं ते पाळलं. सकाळी दुधात शिजवलेल्या शेवया. जरा वेळानं साबुदाण्याची पेज, साखर घालून. दुपारी तांदळाची मऊ खीर. मग चहात बुडवलेली खारी, संध्याकाळी नाचणीचं दूध, झोपताना हळद-साखरेचं. प्रत्येक वेळी एकच वाटी, स्टीलची, लहान. वाटीपेक्षा एक घोट जास्त द्यायची नाही. नर्सबाईनं थोडं सांगितलं होतं ना, मग थोडंच.

हे पहिल्या महिन्या-दीड महिन्याचं खाणं होतं. ते कधी थांबवायचं, हे पुढच्या तपासणीला सांगणार होते. पहिल्या एक-दोन तपासण्या झाल्या त्या ज्ञानेश्वरनं उभ्याउभ्याच उरकल्या. डॉक्टरांनी वजन बघून पाठ थोपटली, आणि सगळे खुशीत परत आले. नंतर जाणंच राहिलं. मधे एकदा मोनिकानं हौसेनं बाजरीची भाकरी खाल्ली, ती छातीत अडकली आणि तिनं ओकून घर भरून टाकलं. साळूबाईची बोबडी वळली. त्या दिवसापासून भाकरी मोनिकाच्या ताटाला शिवली नाही. घरात सगळ्यांना वाटायचं की पोट कापलेल्या माणसाला जन्मभर असंच खावं लागतं. मोनिकालाही तसंच वाटायचं.

सुरुवातीची काही वर्षं तिला भूकच नव्हती, त्यामुळं वाटीतलं निम्मं उरायचं. मग एका सकाळी भूक परत आली. तिनं लगेच ओळखली, जुनीच होती ती. वाटी रिकामी व्हायला लागली, आणि दुसऱ्या वाटीची वाट बघणं सुरू झालं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्या बाईचं पोट लोकांनी एवढ्या खटपटीनं कापून आणलं, तिनं भूक लागते म्हणणं म्हणजे कृतघ्नपणाच.

ब्लाऊजच्या शिवणी एकेक करून उसवल्या. गुडघे पुन्हा बोलायला लागले. गेल्या दिवाळीनंतर ती ज्ञानेश्वरला म्हणाली, "मला नगरला दाखवून आणा. आत्यांना गुडघ्याचं सांगू." सासूला ती आत्या म्हणायची. ज्ञानेश्वर नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला होता. आठवडाभर तिथं खोलीवर राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. तो तिला घेऊन गेला. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, बोलताना सगळे नगरच म्हणतात.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी वजन घेतलं. एकशे आठ. मोनिका काट्यावरून उतरली ती खाली मान घालून खुर्चीत बसली. बाई म्हणाल्या, "अशा बसू नका. तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. पोट लहान केलं तरी शरीर जुनं वजन विसरत नाही, ते परत मागायला लागतं. पुष्कळ जणांचं थोडंफार वाढतं. त्यावर उपाय आहेत, औषधं आहेत. पण चौतीस किलो नुसते असे वाढत नाहीत. दिवसभरात काय खाता, ते सांगा."

मोनिकानं सांगितलं. शेवया, पेज, खीर, खारी, नाचणी, हळद-साखरेचं दूध. सांगता सांगता तिचं तिलाच ऐकू आलं, आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे आठ वर्षं चाललंय?"

"होय."

"अहो, हे तान्ह्या बाळाचं खाणं आहे. पातळ आणि गोड पोटात थांबतच नाही, सरळ खाली उतरतं. दोन तासांत पोट रिकामं. तुम्हाला घट्ट खायला पाहिजे. डाळ, उसळ, अंडं, थोडी भाकरी, चावून चावून. दिवसातून तीन वेळा, आणि मधे काही नाही. हे कोण करून देतं?"

"सासूबाई."

"त्यांना घेऊन या पुढच्या वेळी. मी समजावते."

"नको," मोनिका पटकन म्हणाली. "मी सांगते त्यांना."

परतीच्या एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. ज्ञानेश्वर म्हणाला, "सांगशील ना आईला?" ती म्हणाली, "तुम्ही सांगा की." तो म्हणाला, "मी सांगितलं तर तिला वाटंल, बायकोनं शिकवून पाठवलाय. तूच सांग, गोडीनं." असं ते काम दोघांनी एकमेकांच्या ओटीत टाकलं आणि ते कुणाच्याच ओटीत राहिलं नाही.

तिनं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्यांदा म्हणाली, "आत्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर बंद करा." साळूबाईनं ते तत्काळ मानलं. दुसऱ्या दिवसापासून पेजेत आणि खिरीत साखरेऐवजी गूळ पडायला लागला. "गुळाला काय हुतंय? गूळ अंगाला लागत न्हाई." दुसऱ्या खेपेला मोनिकानं वाटी परत केली, म्हणाली, मला नको, भूक नाही. त्या दिवशी साळूबाई स्वतः जेवली नाही. संध्याकाळी तिनं ज्ञानेश्वरला फोन लावला, "पोरीला परत काय तरी झालंय, तोंडात घास घेईना, लवकर ये." तो कंपनीतून रजा टाकून धावत आला. मग मोनिका वाट्या गुपचूप म्हशीच्या आंबोणात ओतायला लागली. म्हैस खूश झाली, पण ते फार दिवस चाललं नाही. साळूबाई वाटी हातात देऊन समोरच बसायला लागली, आणि ती रिकामी झाली की चेहरा असा उजळायचा, की पुढचं काही बोलायला मोनिकाची जीभ उचलायची नाही.

काय बोलणार? ज्या बाईनं दवाखान्याच्या फरशीवर झोपून दिवस काढले, टाके ओले होते तेव्हा हातानं अंघोळ घातली, सगळ्या घराशी भांडून जिनं आपल्याला जगवलं, तिला कसं सांगायचं, की आत्या, हे तुमच्या हातानं झालंय? मोनिकाला आई नव्हती. जी होती ती हीच. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं. रोज सकाळी शेवयांची वाटी यायची.

आणि आता चैत्र आला.

"औंदा नवस फेडायचा म्हंजी फेडायचा," साळूबाईनं जाहीर केलं. "माझा काय भरवसा? देवाचं देनं डोक्यावर घेऊन जायचं न्हाई मला." तिनं गुऱ्हाळावरून गुळाच्या पाच ढेपा आणवल्या, दहा-दहा किलोच्या, आणि वर दोन किलोची भेली. पिवळ्याधमक. माजघरात मांडून त्यांच्यावर पांढरं फडकं टाकलं. येणाराजाणारा बघून जायचा.

नवस फेडायची तऱ्हा देवळाच्या गुरवानं, बन्सीनं, काढून दिली होती. देवळापुढं नवसाच्या लेकरांची तुला करायचा लाकडी तराजू आहे, मोठा, साखळदंडाचा. एका पारड्यात जुन्या वजनाइतकी, म्हणजे एकशे सव्वीस किलो बाजरी ठेवायची. दुसऱ्या पारड्यात मोनिकानं बसायचं. मग तराजू सारखा होईपर्यंत मोनिकाच्या बाजूला गूळ ठेवत जायचा. जेवढा गूळ बसेल, तेवढं वजन उतरलेलं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कळावी अशी वजाबाकी होती ती. गावाला ही कल्पना इतकी आवडली, की बाजरीच्या पोत्यांना लोक आधीपासूनच 'जुनी मोनिका' म्हणायला लागले.

मोनिकानं हिशेब केला होता. पाच ढेपांपैकी दोनही पुऱ्या लागणार नव्हत्या.

"आत्या, तराजू कशाला?" ती म्हणाली. "उतरलं तेव्हाचं वजन ठाऊकच आहे आपल्याला. पाचही ढेपा सरळ वाटून टाकू."

"देवापुढं अंदाजपंचे चालत न्हाई, बाई. मापात पाप नगं."

"मला चक्कर येईल तिथं."

"मी धरते की."

कावळा शिवावा म्हणून मोनिकानं वाट पाहिली. एरवी नको तेव्हा शिवणारा कावळा या महिन्यात जत्रेच्या बऱ्याच आधी येऊन गेला. मग तिनं खाणं सोडायचं ठरवलं. तेवढ्या दिवसांत चार-सहा किलो गेले तर तेवढीच लाज कमी. साळूबाईला सांगितलं, नवसाचा उपास धरलाय. साळूबाईला कोण आनंद झाला. वाट्या बदलल्या. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, केळं कुस्करून दूध, राजगिऱ्याचे लाडू. "उपासानं शक्ती जाती, पोट कापलेल्या बाईनं कोरडं ऱ्हाऊ नये." ज्या देशात उपासानंच वजन वाढतं, तिथं माणसानं जायचं कुठं?

जत्रेच्या आदल्या दिवशी ज्ञानेश्वर आला. ती त्याला गोठ्यामागं घेऊन गेली. "अहो, काहीतरी करा. सगळ्या गावापुढं होणार हे."

तो खूप वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "आता कसं थांबवायचं? पाव्हन्यांना सांगितलंय तिनं."

"मला माझी लाज नाही वाटत. लोक आत्तासुद्धा बघतातच. पण त्यांचं काय होईल? त्या देवापुढं उभ्या असतील."

"बघू," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याच्या 'बघू'ला लग्नापासून काही अर्थ नव्हता. तो वाईट नव्हता. त्याचं कुठंच काही चालत नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं मांडव भरला होता. नवसाची लेकरं आधी उरकली. मग चौघांनी मिळून बाजरीची पोती पारड्यात चढवली, पारडं दाणकन खाली बसलं आणि लोक हसले. "आली जुनी मोनिका," कुणीतरी म्हणालं. साळूबाईही हसली. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. पाचही ढेपा ओळीनं मांडून तिनं प्रत्येकीला हळद-कुंकू लावलं होतं.

मोनिका दुसऱ्या पारड्यात बसली. खाली असलेलं बाजरीचं पारडं हललं. साळूबाईच्या हिशेबानं ते एवढ्यात हलायलाच नको होतं. साखळ्या कुरकुरल्या. पहिली ढेप साळूबाईनं स्वतःच्या हातानं उचलली, कपाळाला लावली आणि सुनेच्या पायाशी ठेवली. बाजरीचं पारडं अजून जमिनीलाच होतं, पण डुलायला लागलं. बन्सी गुरवानं साखळीला हात लावला. दुसरी ढेप ठेवल्यावर मोनिकाचं पारडं खाली आलं, हळूहळू, आणि जमिनीला टेकलं.

साळूबाईच्या हातात तिसरी ढेप होती.

"झालं, मावशी," बन्सी हलक्या आवाजात म्हणाला. "जरा जास्तच झालं. दुसरी काढून भेली लावून बघू."

"झालं कसं? अजून तीन हायेत."

"बसत न्हाईत त्या."

"तुझ्या तराजूत खोट हाय."

बन्सीला ते लागलं. त्याच्या आज्यापासून तो तराजू होता. त्यानं मोनिकाला उतरायला सांगितलं, पोती उतरवली आणि रिकामी पारडी सगळ्यांना दाखवली. दांडी सरळ होती. मग साळूबाई म्हणाली, पारडी बदला. तीही बदलली. पोती या बाजूला आली आणि मोनिका त्या बाजूला बसली. दुसऱ्यांदा बसताना तिचा पाय साखळीत अडकला, ज्ञानेश्वरनं पुढं होऊन तिला सावरलं. एक ढेप, मग दुसरी. पारडं पुन्हा जमिनीला टेकलं. आता कुणी हसत नव्हतं, ते जास्त वाईट होतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं, परत चढलंय की अंगावर. डोळ्यानं दिसतंय, तराजू कशाला पायजे?"

साळूबाईनं तिसरी ढेप खाली ठेवली. मग ती देवळाच्या पायरीवर बसली. तिनं मोनिकाकडं बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा बघितलं असावं. दंड, गळा, पारड्याच्या कडेवरून बाहेर आलेली मांडी. बघता बघता तिचा चेहरा पडत गेला. म्हातारी माणसं रडायच्या आधी जशी लहान दिसतात, तशी ती दिसायला लागली.

"म्या एक दिस बी चुकवला न्हाई," ती म्हणाली. ती कुणाशी बोलत होती, कळत नव्हतं. "मालक गेले त्या दिवशी बी तुझी वाटी तुला दिली. पाय मोडला तवा बसून चुलीपुढं गेले. मोनिका, इकडं बघ. हितं देव हाय, खोटं बोलू नगंस. माझंच काय चुकलं का गं? नर्सबाईनं सांगितलं तसंच केलं ना मी?"

ज्ञानेश्वरनं मान वर केली. मोनिका अजून पारड्यातच बसलेली होती, पायाशी दोन ढेपा. विचारलं होतं. रोज सकाळी जे सांगायचं राहून जायचं, ते आज सासूनं स्वतः विचारलं होतं, देवाला साक्ष ठेवून. एक शब्द बोलला की काम होत होतं. उद्यापासून वाटी बंद, तीन वेळा घट्ट जेवण, औषधं, कदाचित गुडघे वाचले असते. मोनिकाला हे सगळं त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. आणि समोर साळूबाई बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. तेच हात. होय म्हटलं असतं, तर उरलेलं आयुष्य म्हातारी त्या हातांकडं बघत बसली असती.

"नाही, आत्या," मोनिका म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. मीच चोरून खाते."

ज्ञानेश्वरनं स्वतःच्या चपलेकडं बघितलं.

"चोरून?"

"होय. शेव, फरसाण, पेढे. तुमची पाठ वळली की."

साळूबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण चेहरा मोकळा झाला. छातीवरचा धोंडा उतरला होता. राग आला होता, लाज वाटत होती, तरी ती सुटली होती, आणि हे मोनिकाला पारड्यातून स्पष्ट दिसलं. तिला बरं वाटलं. एवढं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"येडी का खुळी तू," साळूबाई नाक पुसत म्हणाली. "मला सांगायचं न्हाई व्हय? भुकेची काय लाज?" ती उठली, लुगडं झटकलं आणि देवाकडं वळली. तिचा आवाज परत खणखणीत झाला होता. "नाथा, पाचबी ढेपा आज तुझ्याच. पोरीनं चूक कबूल केली, तू पदरात घे. पुढच्या चैत्रात हिला परत बसवीन, आन् पाचच्या पाच पुऱ्या लागतील. तवर माझ्या हाताबगर हिच्या तोंडात कन जायचा न्हाई. सकाळपास्नं रातपातूर म्या स्वता भरवीन."

मांडवातल्या बायका हळहळल्या. सासू असावी तर अशी, म्हणाल्या. बन्सीनं घंटा वाजवली आणि गूळ फोडायला घेतला.

साळूबाई पारड्यापाशी आली आणि सुनेला उतरायला हात दिला. मोनिकानं तिच्या खांद्यावर भार टाकला तशी म्हातारी थोडी वाकली, पण तिनं हात सोडला नाही. उतरता उतरता ती मुलाला म्हणाली, "आन् ज्ञान्या, हिला आता त्या नगरच्या दवाखान्यात न्यायचं न्हाई. गुडघ्याच्या नावानं जाती आन् स्टँडवर खात बसत आसंल."

ज्ञानेश्वरनं बायकोकडं बघितलं. ती बोलेल, म्हणून तो थांबला होता.

"बरं, आत्या," मोनिका म्हणाली.